जंगलाची साक्ष कुणी द्यायची? माधव गाडगीळ आणि आपला सह्याद्री



पत्रिकेवर विषय परिसरशास्त्राचा आणि वक्ता तत्त्वज्ञानाचा, हे वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवलं ते एवढंच, की ज्ञान म्हणजे काय आणि एखादी गोष्ट खरी कशावरून मानायची. हाच प्रश्न जंगलाच्या बाबतीत एका माणसानं जवळजवळ पन्नास वर्षं लावून धरला. माधव धनंजय गाडगीळ हे त्यांचं नाव, आणि त्यांची कारकीर्द आज आपल्यापुढे मांडायची आहे. कराडात मांडायची यालाही कारण आहे. प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणारी कोयना ज्या डोंगरांतून येते, त्या सह्याद्रीच्या माथ्यावरच्या माणसांनी या शास्त्रज्ञाला बरंच काही शिकवलं, असं आमचं मत आहे.

सुरुवातीचं चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म १९४२ चा, पुण्याचा. वडील धनंजयराव गाडगीळ, अर्थशास्त्रज्ञ. आपल्या साखरपट्ट्याला हे नाव नवं नाही. प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते. हे अर्थशास्त्रज्ञ पक्षीनिरीक्षणही करत आणि सलीम अलींशी त्यांची मैत्री होती. शाळकरी माधवला एकदा एक वेडा राघू दिसला, त्याच्या शेपटीतली ती लांब सुई नव्हती. असं का? वडील म्हणाले, सलीम अलींना पत्र लिहून विचार. पत्र गेलं, उत्तर आलं: पीस झडण्याचा काळ आहे, नवं येईल. शेजारी इरावती कर्वे. म्हणजे एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला माणसांच्या जाती-जमाती, आणि घरात अर्थकारण. पुढं जे झालं त्याचं बियाणं इथं आहे, पण यावर जास्त रेंगाळायला नको. चरित्रकारांना बालपणात सगळं सापडतंच.

फर्ग्युसन, मग मुंबई, मग हार्वर्ड. तिथं १९६९ मध्ये डॉक्टरेट, विषय गणिती परिसरशास्त्र. प्राण्यानं लवकर पिल्लं घालून संपून जावं की थांबून थांबून घालावी, असले प्रश्न समीकरणांनी सोडवायचे. बोसर्ट यांच्याबरोबरचा त्यांचा १९७० चा निबंध जगभर वाचला गेला. हार्वर्डमध्ये शिकवण्याचंही काम होतं. ते सोडून १९७१ मध्ये गाडगीळ आणि त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई परतले. सुलोचनाबाई मान्सूनच्या शास्त्रज्ञ, आणि त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. पुण्यात दोन वर्षं काढून १९७३ पासून गाडगीळ बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. तिथं त्यांनी परिसरशास्त्राचं केंद्र उभं केलं.

पुण्याची ती दोन वर्षं महत्त्वाची आहेत. तिथं वा. द. वर्तक नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, त्यांच्याबरोबर गाडगीळ देवराया पाहत हिंडले. देवराई आपल्याला सांगायला नको. पाटण-जावळीच्या बाजूला अजून आहेत. तेव्हाच्या शिकलेल्या माणसाचं मत काय होतं? अंधश्रद्धा. देवाच्या भीतीनं लोक काटकी उचलत नाहीत, एवढंच. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी मात्र या दोघांकडे मदत मागितली. राईवर तोडीची खूण पडली होती, आणि लोक म्हणत होते, ही राई गेली तर आमचा बारमाही ओढा जाईल. देव कोपेल, असं ते म्हणत नव्हते. ओढा आटेल, असं म्हणत होते. हा फरक गाडगीळांनी टिपला. श्रद्धेच्या आत एक निरीक्षण दडलेलं असू शकतं, आणि ते निरीक्षण तपासता येतं.

दुसरा प्रसंग कर्नाटकातला, १९७५ च्या सुमाराचा. बुरुडांची तक्रार होती की बांबू मिळत नाही, मिळतो तो परवडत नाही. बाजारात टनाला हजारांनी रुपये मोजावे लागत, आणि दांडेलीच्या कागद कारखान्याला १९५८ च्या करारात तोच बांबू टनाला दीड रुपयानं दिला होता. सरकारनं गाडगीळांना अभ्यास करायला सांगितलं. कारखान्याचं म्हणणं, गावकऱ्यांची गुरं बांबू खातात म्हणून तो संपतोय. वनखात्याच्या हिशेबात बांबू भरपूर होता. मोजायला गेल्यावर तो हिशेब फार फुगवलेला निघाला. पण आम्हाला मोलाची वाटते ती काट्यांची गोष्ट. बांबूच्या बेटाच्या बुंध्याशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. तोडीला सोपं जावं आणि बेट ‘सुधारावं’ म्हणून ते जाळं साफ करायची शास्त्रीय पद्धत होती. उत्तर कन्नडचे शेतकरी म्हणाले, साहेब, हीच तर चूक आहे. काटे काढले की नवा कोंब उघडा पडतो आणि गुरं, साळिंदर त्याचा फडशा पाडतात. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी नरेंद्र प्रसाद यांनी रानात जाऊन हे तपासलं. शेतकऱ्यांचं म्हणणं बरोबर ठरलं.

आता आमच्या विषयाकडे जरा वळू द्या, कारण इथं न्यायदर्शन कामाला येतं. नैयायिक चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्दप्रमाण म्हटलं की लोक समजतात, ग्रंथात लिहिलंय म्हणून खरं. तसं नाही. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं, आणि आप्त कोण, तर ज्यानं ती वस्तू स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. वात्स्यायन तर भाष्यात म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांनाही सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचा एक शास्त्री ज्ञानाच्या दारात कुळ विचारत नाही! (प्रत्यक्ष समाजात काय चाललं होतं, ते वेगळं, त्यावर येतोच.) गाडगीळांनी न्यायसूत्रं वाचली होती की नाही, हा मुद्दा नाही. पण उत्तर कन्नडचा शेतकरी काट्यांच्या बाबतीत आप्त होता आणि वनखात्याचं पुस्तक नव्हतं, हे त्यांनी ओळखलं. आणि दुसरं तितकंच महत्त्वाचं: साक्ष घेतली, पण तशीच गिळली नाही, मोजून पाहिली. जुन्याला सगळं कळत होतं असं म्हणणाऱ्या मंडळींनी हा उत्तरार्ध विसरू नये.

उलटी बाजू भरतपूरला दिसली. केवलादेव हे पाणपक्ष्यांचं मोठं ठिकाण. म्हशी चरतात म्हणून पाणथळीचं नुकसान होतं, असं सलीम अलींसह जाणकारांचं मत होतं. १९८२ मध्ये चराई एकदम बंद केली. लोक चिडले, गोळीबार झाला, माणसं मेली. नंतर काय झालं? म्हशी नाहीत म्हटल्यावर पाणथळीत गवत बेफाम माजलं, उथळ पाणी झाकलं गेलं, आणि पक्ष्यांना जागा उरली नाही. हे दाखवलं कुणी, तर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, म्हणजे सलीम अलींच्याच संस्थेनं, वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासातून. तिथले गावकरी आणखी एक गोष्ट सांगत: आम्ही वाळ्याची मुळं खणायचो तेव्हा माती भुसभुशीत राहायची आणि सैबेरियन क्रौंचांना कंद उकरता यायचे. सलीम अलींना गाडगीळ गुरुस्थानी मानत, दोघांनी मिळून शोधनिबंध लिहिला आहे. पण भरतपूरचं उदाहरण ते भाषणांतून, लेखांतून पुन्हा पुन्हा देत राहिले. मोठ्या माणसाचं अनुमानसुद्धा अनुमानच असतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. इरावतीबाईंचे विद्यार्थी कैलास मल्होत्रा, मानववंशशास्त्रज्ञ, यांच्याबरोबर गाडगीळांनी सत्तरच्या दशकाअखेरीपासून महाराष्ट्रातल्या भटक्या आणि पशुपालक समाजांचा अभ्यास केला. माण-खटावकडच्या मंडळींना ही माणसं लगेच डोळ्यापुढं येतील. कमी पावसाच्या टापूत शिकार करणारे तीन समाज: तिरमल नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी. तिघेही एकाच माळावर हिंडणार. मग भांडण का नाही? नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड धरत. वैदू सापळे लावून मुंगूस, उदमांजर असले छोटे मांसभक्षी पकडत. फासेपारध्यांचे फासे काळविटासाठी आणि मोर, तित्तिर, लाव्यांसाठी. प्रत्येकाचं सावज वेगळं, हत्यार वेगळं. शिवाय समाजाच्या आतही कुठल्या कुटुंबानं कुठल्या गावांत फिरायचं हे ठरलेलं, मोडलं तर जातपंचायत बसे.

तसंच घाटमाथ्यावर. खाली खोऱ्यात कुणबी, भात आणि उतारावर नाचणी-वरईची कुमरी. वर माथ्यावर गवळी धनगर, म्हशींचे कळप, आणि विक्रीला लोणी-तूप. कुणबी शिकार करत, गवळी धनगर करत नसत. त्यांना दूध-ताक होतं. एकाच डोंगरावर दोन समाज, पण एकमेकांच्या ताटात हात नाही.

गाडगीळांनी यातून सिद्धांत मांडला. एखाद्या साधनावर एकाच गटाचा पिढीजात हक्क असेल तर तो गट ते जपून वापरतो, कारण नातवालाही त्याच्यावरच जगायचं असतं. जातिव्यवस्थेची ही परिसरशास्त्रीय बाजू त्यांनी आणि मल्होत्रांनी १९८३ च्या निबंधात लिहिली. पुढं रामचंद्र गुहांबरोबरच्या १९९२ च्या पुस्तकात ती देशाच्या इतिहासाला लावली.

इथं थांबून बोललं पाहिजे. या सिद्धांतावर टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. फासेपारधी काळवीट जपून मारत होता हे खरं धरलं, तरी तो पारधी का राहिला? दुसरं काही व्हायची मुभा नव्हती म्हणून. गावाबाहेर ठेवायचं, जमीन द्यायची नाही, आणि मग म्हणायचं की बघा कसा निसर्गाशी समतोल साधलाय! १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अनेक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं; पारध्यांवरचा तो शिक्का कायदा जाऊन सत्तर वर्षं झाली तरी पुरता पुसलेला नाही. गाडगीळ जातीचं समर्थन करत नव्हते, विषमतेबद्दल त्यांनी सातत्यानं लिहिलं आहे. पण जपणूक आणि कोंडी यांतला फरक त्या निबंधात हवा तितका ठसठशीत नाही, असं आम्हाला वाटतं. यंत्रणा कशी चालते हे सांगणं म्हणजे ती योग्य आहे असं म्हणणं नव्हे, पण ऐकणारा तसंच ऐकतो. पुण्या-बंगळुरूच्या सभागृहात ऐकणारे कोण होते, हेही पाहावं लागेल.

तरीही त्या अभ्यासानं एक गोष्ट कायमची बदलली. सह्याद्रीचं जंगल म्हणजे माणसाचा हात न लागलेलं रान, ही कल्पना टिकेना. माथ्यावर धनगर होते, उतारावर कुणबी होते, राईत देव होता. आणि याच डोंगरांत आपण काय केलं? साठच्या दशकात कोयनेचं धरण उभं राहिलं, शिवसागर भरला, हजारो कुटुंबं उठली. १९८५ मध्ये उरलेल्या रानाचं कोयना अभयारण्य झालं, शेजारी चांदोली. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा ठरली, त्यांत महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. आनंद आहेच. पण धरणानं एकदा उठवलेल्या माणसाला अभयारण्यानं पुन्हा उठायला सांगितलं, असं पाटण तालुक्यात घडलेलं आहे. कोयनेच्या विस्थापितांचं आंदोलन अजून चालतं ते काही उगाच नाही.

मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारनं पश्चिम घाटासाठी तज्ज्ञ समिती नेमली, अध्यक्ष गाडगीळ. दीड वर्षात, ३१ ऑगस्ट २०११ ला अहवाल दिला. सरकारनं तो दाबून ठेवला. माहिती अधिकाराखाली भांडण होऊन मे २०१२ मध्ये तो लोकांपुढं आला. संपूर्ण घाट संवेदनशील मानायचा, पण तीन प्रतींत: कुठं जास्त बंधन, कुठं कमी. आणि ही आखणी तात्पुरती, अंतिम निर्णय ग्रामसभांशी बोलून घ्यायचा.

अहवालात आपल्या जिल्ह्यातलं महाबळेश्वर-पाचगणी आहे. तो पट्टा २००१ मध्येच पर्यावरणसंवेदनशील जाहीर झाला होता. समितीकडे तिथल्या लोकांची गाऱ्हाणी आली की नियमांचा बडगा गरिबावर, त्याची शेतातली विहीर अडते, आणि पैसेवाल्याचं बांधकाम होतं. संरक्षणाचा कायदा लाच खायचं साधन होऊ शकतो, हे सरकारी समितीच्या अहवालात छापलं गेलं, ही साधी गोष्ट नव्हे. घाटाखाली लोट्याची रासायनिक वसाहत. तिथं अकरा हजार नोकऱ्या, आणि मच्छीमारांच्या सांगण्याप्रमाणं खाडीतल्या वीस हजार माणसांचा रोजगार गेला. रत्नागिरी जिल्ह्यात ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात १९१ दिवस जमावबंदी होती, हाही आकडा त्यांनी नोंदवला. शास्त्रज्ञाच्या अहवालात जमावबंदीचे दिवस कशाला, असं काहींनी विचारलं. साक्षीदाराला बोलूच दिलं नाही तर साक्ष कुठली, हे त्याचं उत्तर. उलट सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी आपणहून ठराव केले की आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या. तिथं खाणी येऊ घातल्या होत्या.

मग विरोध एवढा का झाला? खाणवाले, बांधकामवाले होतेच. पण सगळं त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. अहवाल पाचशेहून अधिक पानांचा, इंग्रजीत. त्यात आखणीचं एकक तालुका. आता पाटण तालुका घ्या: एक टोक कोयनेच्या गर्द रानात, दुसरं खाली कराडच्या सपाटीला लागलेलं. एकाच रंगात दोन्ही रंगवली की खालचा शेतकरी बिथरणारच. समितीपाशी वेळ कमी होता, हे मान्य. अहवाल लोकांच्या भाषेत ग्रामसभांपुढं जावा हा गाडगीळांचा आग्रह होता, तो सरकारनं पुरा केला नाही, हेही खरं. पण आधी ऐका, मग ठरवा, हे ज्यानं शिकवलं त्याचाच नकाशा लोकांच्या कानी आधी पडला आणि विचारणा मागं राहिली. त्या फटीत अफवा शिरल्या: घर बांधता येणार नाही, गुरं सोडता येणार नाहीत. पुढं कस्तुरीरंगन समितीनं २०१३ मध्ये गाव हे एकक धरलं आणि घाटाचा ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. आखणी बारीक झाली, पण ग्रामसभेला विचारायचं कलम जवळपास गळालं. गाडगीळांचा राग टक्केवारीपेक्षा या गळण्यावर होता.

२२ जुलै २०२१. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच वाक्य: गाडगीळांचं ऐकलं असतं तर. आम्ही ते वाक्य इतक्या सहज म्हणणार नाही. असा पाऊस कुठलाही उतार सैल करू शकतो, आणि त्या वाड्यांवर कुणी खाण काढली नव्हती. विचारायला हवं ते दुसरंच. या उताराला पूर्वी कधी भेग पडली होती का, झरा कुठून कुठं सरकला, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांना आधी कुणी विचारलं होतं का?

शेवटी बिबट्या, कारण तो नाही आला तर प्रश्नोत्तरांत येणारच. उसात जन्मलेली बिबट्याची पिल्लं आपल्याला नवी नाहीत, आणि मुलाबाळांवर हल्ले झाले की गावाचं काय होतं हेही आपण पाहतो. पकडून दूर सोडा, ही मागणी स्वाभाविक आहे. जुन्नरला २००१ नंतर तेच केलं, आणि विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून दिसलं की त्यानंतर हल्ले वाढले. गाडगीळांचं मत याहून टोकाचं होतं: १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाच काढून टाका, पीक नासवणाऱ्या रानडुकराचं काय करायचं ते स्थानिकांना ठरवू द्या. डुकराबाबत त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. रात्र रात्र माळ्यावर जागणाऱ्याला विचारा. सगळा कायदाच काढण्याला मात्र आमची संमती नाही. ग्रामसभा जाणते आणि ग्रामसभा दबावाखालीही येते. वाळूच्या लिलावाच्या वेळी कोण बोलतं आणि कोण मान खाली घालून बसतं, हे नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. शिवाय वात्स्यायनाच्या आप्ताला दोन अटी आहेत. जाणणं ही एक, आणि जसं आहे तसं सांगण्याची इच्छा ही दुसरी. दुसरी अट गाव, खातं, कारखाना आणि विद्यापीठ, चौघांनाही लागू पडते.

२००२ च्या जैवविविधता कायद्याच्या घडणीत गाडगीळांचा वाटा होता. त्यातून गावोगाव लोकांची जैवविविधता नोंदवही करायची ठरली. कोणती झाडं, कोणते मासे, कुठला पाणवठा, काय होतं, काय गेलं, हे गावानं स्वतः लिहायचं. वर्षानुवर्षं काम रेंगाळलं, मग हरित लवादानं जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि थोड्या काळात देशभर लाखांवर नोंदवह्या तयार झाल्या. कशा झाल्या असतील याची कल्पना करता येते. डोंगरातल्या एका गावची नोंदवही आम्ही मुद्दाम चाळली. झाडांची यादी होती, शास्त्रीय नावांसकट, शेजारच्या गावच्या यादीशी शब्द न् शब्द जुळणारी. त्या नमुन्यात एक तक्ता असतो, गावातल्या जाणकार व्यक्तींचा: कुणाला औषधी कळतात, कुणाला मासे, कुणाला रान. तो तक्ता कोरा होता. आणि त्याच वाडीवर आम्हाला वाट दाखवायला आलेल्या धनगर आजींनी चालता चालता अठरा कंद ओळखून दाखवले, त्यातले कुठले कोणत्या महिन्यात विषारी असतात तेही सांगितलं.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ या.